प्रयोगशाळेपासून गटाराच्या तोंडापर्यंत

भुयारी गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरण पावल्याची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा चारसहा ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. अशा बहुतेक बातम्यांचा आराखडाही ठरलेला असतो. पहिला कामगार खाली उतरतो. तो हाकेला ओ देत नाही म्हणून दुसरा उतरतो. आणि त्या दोघांना वर काढण्यासाठी तिसरा. ही घटना आणि एखाद्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात चकचकीत पोलादी पात्रासमोर तासन्‌तास बसून राहणारा संशोधक विद्यार्थी, यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो फारसा दूरचाही नाही.

गटारात माणसाचा घात करतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड हा वायू. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याने एकदा घेतला आहे तो जन्मभर विसरत नाही. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एखादा भाग असला तरी मनुष्याच्या नाकाला तो कळतो. अडचण पुढेच आहे. हे प्रमाण शंभर भागांच्या घरात गेले की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते की वायू निघून गेला. सातशे ते हजार भागांपर्यंत प्रमाण चढले तर एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. तो गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचे मर्केप्टन मुद्दाम मिसळतात. तेथे नाक हा गृहिणीचा पहारेकरी आहे. गटारात हाच पहारेकरी ऐन वेळी झोपी जातो, आणि म्हणून तेथे नाकाऐवजी दुसरे काही असणे हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न होतो.

खाणकामगारांनी ही अडचण पूर्वी पक्ष्यांवर सोपवली होती. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कार्बन मोनॉक्साइडची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी खाली नेले जात. पक्षी दांडीवरून कोसळला की माणसांनी पळायचे. ही प्रथा अगदी अलीकडे, १९८६ साली, बंद करण्याचे ठरले आणि पक्ष्यांची जागा विद्युत साधनांनी घेतली. त्या साधनांच्या पोटात जे काही चालते ते ज्या शास्त्राच्या आधारे चालते त्याचे नाव पृष्ठविज्ञान.

वरच्या थराचे शास्त्र

पदार्थाच्या आतील भागाचे नियम पदार्थविज्ञानाला लवकर उमगले. पृष्ठभागाने मात्र शास्त्रज्ञांना फार दिवस ताटकळत ठेवले. घनपदार्थ देवाने घडवला आणि पृष्ठभाग सैतानाने, अशा अर्थाचे एक विधान वोल्फगांग पाउली यांच्या नावावर सांगितले जाते. त्यातील वैताग समजण्यासारखा आहे. आतल्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. वरच्या थरातील अणूला एका बाजूला कोणीच नसते. त्याचे बंध मोकळे राहतात आणि जवळून जाणाऱ्या कोणत्याही रेणूला तो धरू पाहतो. तांब्याचा एक घनसेंटीमीटरचा तुकडा घेतला तर त्यातील पन्नास लाखांहून अधिक अणूंमागे एखादाच अणू पृष्ठभागावर असतो. पण गंजणे, चिकटणे, झिजणे, उत्प्रेरकाचे कार्य घडणे, हे सारे व्यवहार त्या एकाच्या हाती असतात. कण लहान करीत काही नॅनोमीटरपर्यंत आणला की पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण टक्क्यांत मोजावे लागते, आणि मग तो पदार्थ जणू सगळाच पृष्ठभाग होतो.

या शास्त्राच्या आरंभीच्या इतिहासात एका स्वयंपाकघराला मानाचे स्थान आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचे दार बंद होते, कारण त्या स्त्री होत्या. आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करता करता भांडी घासण्याच्या पाण्यावरील तेलकट तवंगाकडे त्यांचे लक्ष गेले आणि साध्या पत्र्याच्या पन्हळीत त्यांनी त्याची मोजमापे घेतली. ती त्यांनी इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. रॅले यांचा मोठेपणा असा, की त्यांनी ते पत्र स्वतःच्या शिफारशीसह ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले आणि १८९१ साली ते छापूनही आले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी एकाच रेणूच्या जाडीच्या थरांचे शास्त्र बांधले व त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या पन्हळीला आज लँगम्यूर यांचे नाव आहे तिची पहिली आवृत्ती पोकेल्सबाईंच्या मोरीत तयार झाली होती.

लँगम्यूर यांच्या नावाने चालणारे आणखी एक माप पृष्ठविज्ञानाची सारी अडचण एका वाक्यात सांगते. हवेचा दाब साधारण ७६० टॉर असतो. तो उतरवीत एका टॉरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत आणला, म्हणजे सामान्य भाषेत ज्याला कोणीही निर्वात म्हणेल अशी स्थिती आणली, तरी उरलेले रेणू इतके असतात की स्वच्छ केलेला पृष्ठभाग सुमारे एका सेकंदात त्यांच्या थराने झाकला जातो. एका सेकंदात कोणते मोजमाप होणार? तोच पृष्ठभाग पावणेतीन तास स्वच्छ ठेवायचा असेल तर दाब आणखी दहा हजारपट खाली, म्हणजे टॉरच्या हजार कोटींव्या भागापर्यंत न्यावा लागतो. बाहेरच्या हवेपेक्षा साडेसात लाख कोटींपट विरळ! यासाठी ते पोलादी पात्र, पंप चालू ठेवून, दीडदोनशे अंश तापमानाला दिवस दिवस तापवत ठेवावे लागते, तेव्हा कुठे त्याच्या भिंतींना चिकटलेले पाणी निघून जाते. पात्र एकदा उघडले की जोडावरची तांब्याची कडी टाकून द्यायची आणि नवी बसवायची. सारखी सारखी तीच वस्तू कशासाठी मागवता, असा शेरा खरेदीच्या फायलीवर पडला तर त्यात लेखाविभागाचाही दोष नाही. त्याला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. तापवण्याच्या मधल्या काळात वीज गेली तर आठवड्याचे काम वाया जाते, हेही फायलीत कोठे येत नाही.

या तपश्चर्येचे फळ लहान नाही. कै सीगबान यांनी उप्साला विद्यापीठात क्ष-किरणांच्या साहाय्याने पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९८१ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी झुरिक येथे बांधलेल्या सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागावरील अणू एकेक करून दाखवले. त्यांच्या पारितोषिकाचे वर्ष १९८६. आणि नायट्रोजन व हायड्रोजन लोखंडाच्या पृष्ठभागावर कसे भेटतात व त्यांचा अमोनिया कसा होतो, हे पायरीपायरीने उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्ट्‌ल यांना २००७ साली तोच मान मिळाला. शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीमागे शतकभर चालत आलेली जी प्रक्रिया आहे तिचे रहस्य कळायला इतका काळ लागला.

कथिलाचा मणी

पृष्ठभागाची ही चंचल वृत्ती शास्त्रज्ञांना जाच वाटत होती. तिचाच उपयोग करून घ्यावा असे सुचणे ही संवेदकाची, सेन्सरची, जन्मकथा. बेल प्रयोगशाळेतील ब्रॅटन आणि बार्डीन यांनी १९५३ मध्ये जर्मेनियमच्या पृष्ठभागावर भोवतालच्या वायूचा परिणाम नोंदवला. जपानच्या क्यूशू विद्यापीठात तेत्सुरो सेइयामा यांनी १९६२ साली जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर वापरून वायू ओळखता येतो हे दाखवले. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक तयार केला आणि त्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. जपानी घरांत तेव्हा सिलिंडरचा गॅस नव्याने येत होता आणि गळतीने होणारे स्फोटही त्याच्याबरोबर आले होते. गरज आणि संशोधन यांची गाठ तेथे वेळेवर पडली.

या मण्याची रीत बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. कथिलाचे ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. तो दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवला की हवेतील प्राणवायू त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि बसताना आतले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. त्यामुळे मण्याचा विद्युतरोध वाढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू आला की तो या बसलेल्या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झपाट्याने उतरतो. रोध उतरला की घंटा वाजवायची. बस्स, एवढेच. मात्र ‘एवढेच’ म्हणताना एक गोष्ट विसरता येत नाही: मण्याला ज्वलनशील वायू कळतो, तो कोणता हे कळत नाही. उदबत्तीचा धूर, फोडणी, सॅनिटायझरमधले अल्कोहोल, या सर्वांना तो सारखाच दाद देतो. शिवाय हवेतील ओलाव्याने त्याचे वागणे बदलते. हायड्रोजन सल्फाइड वेगळा ओळखावा यासाठी क्यूशू विद्यापीठातच नोबोरू यामाझोए यांच्या गटाने १९९० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत कथिलाच्या ऑक्साइडमध्ये तांब्याचे ऑक्साइड मिसळून पाहिले. एरवी या दोहोंच्या सांध्यामुळे मण्याचा रोध भरपूर असतो; पण हा वायू येताच तांब्याच्या ऑक्साइडचे सल्फाइड होते, ते धातूप्रमाणे वीज वाहून नेते आणि रोध एकदम कोसळतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही याच जोडीच्या पातळ थरांवर पुढे बरेच काम केले.

मेनमधील चाळीस वर्षे

विद्यापीठाने असे काम कसे चालवावे याचे एक उदाहरण अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातील ओरोनो या गावी सापडते. हे राज्य जंगलांचे आणि कागद गिरण्यांचे. तेथील विद्यापीठाची गणना हार्वर्ड किंवा एमआयटी यांच्या पंक्तीत कोणी करीत नाही. अशा विद्यापीठाने १९८० साली पृष्ठविज्ञान व तंत्रज्ञानाची एक प्रयोगशाळा काढली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती कोणा एका विभागाची जहागीर झाली नाही. पदार्थविज्ञान, रसायन आणि विद्युत अभियांत्रिकी या विषयांचे अध्यापक एकाच छपराखाली, एकाच यंत्रांवर काम करू लागले. ज्याला थर कसा बसतो हे ठाऊक आहे तो आणि ज्याला मंडल कसे जोडावे हे ठाऊक आहे तो, असे दोघे रोज एका टेबलाशी येतात, तेव्हा काय घडते ते या प्रयोगशाळेच्या वाटचालीत पाहावयास मिळते.

तेथील आरंभीच्या विषयांत टंगस्टन ऑक्साइडचे पातळ थर आणि त्यांवर होणारा हायड्रोजन सल्फाइडचा परिणाम हा एक विषय होता. लाकडाचा लगदा करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत गंधकयुक्त वायू बाहेर पडतात आणि कागद गिरणीच्या गावाला त्याची चांगली ओळख असते. थर नुसता चालतो एवढ्यावर तेथे समाधान मानले गेले नाही. थरात प्राणवायूचे प्रमाण किती आहे, कण किती मोठे आहेत, वायू आल्यावर वरच्या अणूंची स्थिती काय होते, हे निर्वात पात्रात घालून वर्षानुवर्षे तपासले गेले. नमुना जेथे तयार होतो तेथून हवेचा स्पर्शही न होऊ देता तपासणीच्या यंत्रात नेण्याची सोय असल्याखेरीज हे जमत नाही.

नंतरचे त्यांचे काम अधिक नाट्यमय आहे. विमानाच्या जेट इंजिनात किंवा वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये आत काय तापमान आहे हे जाणणे फार महत्त्वाचे असते. पण फिरत्या पात्याला तार बांधता येत नाही, आणि त्या उष्णतेत बॅटरी टिकत नाही. मॉरिसियो परेरा दा कुन्या आणि रॉबर्ट लॅड यांच्या गटाने यासाठी पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनितरंगांचा आश्रय घेतला. (या तरंगांचे गणित १८८५ साली मांडले तेही लॉर्ड रॅले यांनीच, पोकेल्सबाईंचे पत्र पुढे पाठवणारे हेच ते गृहस्थ.) स्फटिकाच्या चकतीवर धातूच्या बारीक दातेरी रेघा असतात. बाहेरून रेडिओलहर सोडली की त्या रेघा तिचे पृष्ठतरंगात रूपांतर करतात, तरंग स्फटिकावरून जाऊन परततो आणि उत्तर पुन्हा रेडिओलहर होऊन बाहेर येते. तापमान बदलले की उत्तराची वारंवारता बदलते. तार नाही, बॅटरी नाही.

कल्पना सुंदर, पण प्रत्यक्षात आणताना दोन ठिकाणी घोडे अडले. घड्याळात वापरला जाणारा क्वार्ट्‌झ ५७३ अंशांना आपली घडण बदलतो, म्हणून त्याऐवजी लँगासाइट नावाचा स्फटिक घ्यावा लागला. तो वितळेपर्यंत, म्हणजे सुमारे १४७० अंशांपर्यंत, आपला स्वभाव सोडत नाही. दुसरी अडचण धातूची. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळते, तेव्हा काळजीचे कारण नाही असे वाटेल. परंतु फार पातळ थराचे प्लॅटिनम सातशे अंशांच्या पुढेच आक्रसू लागते आणि अळवाच्या पानावर पाणी जसे थेंबाथेंबाने गोळा होते तसे त्याचे मणी बनतात. रेघ तुटते, तरंग थांबतो. वितळण्याचा आकडा पदार्थाच्या अंतरंगाचा असतो. येथे निकाल पृष्ठभाग देत होता. प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्या थरांत झिर्कोनियाचे सूक्ष्म कण गुंफून या गटाने धातूला जागच्या जागी धरून ठेवण्याची युक्ती काढली आणि आठशे अंशांच्या वर टिकणारे संवेदक तयार केले. लहान जेट इंजिनावर त्यांच्या चाचण्या झाल्या, त्यातून विद्यापीठाच्या परिसरातच एक छोटी कंपनी उभी राहिली. प्रयोगशाळेचे नावही पुढे बदलून संवेदक तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेचे झाले. या सगळ्याला लष्कराचा आणि सरकारी खात्यांचा पैसा लाभला, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही पैशाने विकत घेता येत नाही अशी एक गोष्ट तेथे होती: चार दशके न तुटलेला सांधा. जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेली नोंदवही नव्या विद्यार्थ्याला हाताशी मिळत होती, आणि पंप खोलणारा तंत्रज्ञ पाचदहा वर्षांनी निघून जात नव्हता.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रात हे शास्त्र नवीन नाही. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात क्षेत्र-उत्सर्जनाच्या सूक्ष्मदर्शकावर आणि इलेक्ट्रॉन वर्णपटाच्या पद्धतींवर अनेक वर्षे काम झाले. सुलभा कुलकर्णी यांच्यासारख्या संशोधकांनी पृष्ठविज्ञानापासून अब्जांश तंत्रज्ञानापर्यंतचा मार्ग तेथेच चालून दाखवला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात साध्या फवाऱ्याने आणि रासायनिक द्रावणातून पातळ थर बसवण्याच्या पद्धतींवर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तयार झाले. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी, प्रताप महाविद्यालयात, जाड थराच्या वायुसंवेदकांवर संशोधन झाले आणि त्याचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. महागडे निर्वात पात्र नसताना, काचेची नळी, हीटर आणि मोजणीचे यंत्र एवढ्या सामग्रीवर खानदेशातील महाविद्यालयाने हे करावे, ही अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे.

तर मग गटाराच्या तोंडाशी लटकवायचा संवेदक या थरांतून का निघाला नाही? याचे उत्तर ‘आपल्याकडे पैसा नाही’ असे देऊन मोकळे होता येते. पण ते अर्धेच उत्तर आहे. प्रयोगशाळेतील संवेदकाची परीक्षा कोरड्या हवेत, एकाच शुद्ध वायूच्या मोजलेल्या मात्रेने, काही तास किंवा फार तर काही आठवडे होते. निष्कर्षाचा आलेख देखणा येतो आणि निबंध छापला जातो. गटारातली हवा याच्या अगदी उलट. ती ओलाव्याने चिंब असते आणि तीत मिथेन असतो, अमोनिया असतो, साबणाची वाफ असते. त्यातही आषाढातले गटार आणि वैशाखातले गटार एक नव्हे. येथे आठ महिने टिकेल असा थर तयार करणे हे नव्या पदार्थाचा शोध लावण्याइतकेच अवघड आहे, आणि त्याहून कंटाळवाणे. त्याचा आलेख देखणा येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हा निबंधांची मोजदाद हा नेमणुकीचा व बढतीचा पाया झाला. नियमांचे तपशील पुढे बदलत गेले, सवय मात्र मुरली. ज्या अध्यापकाला बढतीसाठी निबंध हवेत तो आज कथिलाचा, उद्या जस्ताचा, परवा आणखी कशाचा थर बसवील; एकच थर घेऊन चार वर्षे गटारापाशी बसणार नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने निराळे काय केले असते?

येथे एक आक्षेप सरळ मान्य केला पाहिजे. हायड्रोजन सल्फाइड ओळखणारी हातात धरण्याजोगी यंत्रे बाजारात आजही मिळतात. त्यांत बहुधा विद्युत-रासायनिक घट असतो. तो दोनतीन वर्षांत संपतो आणि ठरावीक काळाने प्रमाणित वायू देऊन त्याची शहानिशा करावी लागते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्याखालील नियमांत संरक्षक साधनांची लांबलचक यादी आहे आणि तीत वायुमापक यंत्रही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे, भरपाईचा दरही आहे. नाही ते यंत्र त्या माणसाच्या हातात. कंत्राटदाराच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली नाक्यावरून रोजाने आणलेला मजूर, आणि तो बहुधा त्याच त्या जातींतला, ही उतरंड कोणत्याही थराने किंवा स्फटिकाने मोडणार नाही. माणूस गटारात उतरूच नये हाच कायद्याचा हेतू आहे. संवेदकाच्या नावाखाली त्याला उतरवण्याची सोय होत असेल तर ते संशोधन न झालेले बरे.

हे सारे खरे असूनही विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. जे यंत्र महाग आहे, दर सहा महिन्यांनी तपासावे लागते आणि ज्याचा सुटा भाग परदेशातून येतो, ते कपाटात कुलूपबंद राहते, हा सरकारी कचेरीतल्या कोणाही कारकुनाचा अनुभव असेल. जे स्वस्त आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला कायमचे बसवता येते आणि बिघडले तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होते, ते कपाटात ठेवण्याचे कोणाला कारण उरत नाही. तेथे उतरणारा मजूर नसला तरी पंपघरात काम करणारा माणूस असतो, जवळून जाणारा शाळकरी मुलगा असतो, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीशी वाकलेला कामगार असतो, आणि बायोगॅसच्या खड्ड्यात डोकावणारा शेतकरीही असतो.

जपानमध्ये मणी घराघरांत गेला, कारण तागुचींना गॅसच्या स्फोटांची चिंता होती आणि क्यूशूच्या प्राध्यापकांना पृष्ठभागाची. दोघांची गाठ पडली. मेनमध्ये ती एकाच इमारतीत पडली. पुणे, कोल्हापूर, जळगाव येथील विद्यापीठांना आपापल्या शहराची महापालिका चार कोसांवर आहे. मलनिःसारणाचे एखादे पंपघर पदार्थविज्ञान विभागाला वर्षभरासाठी खुले करून देणे, तेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दहावीस संवेदक टांगून ठेवणे, रोज सकाळी कोणीतरी जाऊन आकडे लिहून आणणे, आणि जो थर पावसाळ्यात फुकट गेला तो का गेला हे निर्वात पात्रात घालून पाहणे, याला ना परदेशी सहकार्य लागते ना कोट्यवधींचे अनुदान. लागते ते एवढेच, की या कामातून चार वर्षांनी एकच निबंध, आणि तोही ‘हा थर टिकत नाही’ असे सांगणारा, हाती आला तर निवड समितीने त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या मार्गदर्शकाला मुलाखतीत खाली मान घालायला लावू नये.